बागबाजारी बॅटऱ्यांचा बंदोबस्त जाहला त्याची हकीकत

देवघराखालच्या छोट्या कपाटाचे दार लागता लागता अंगठ्याच्या रुंदीइतके उघडे राहिले. दाबले असता मिटे, सोडले असता पुन्हा तितकेच उघडे, न कमी न जास्त. लाकूड फुगले म्हणावे तर पावसाळा सरत आला होता, आणि बिजागरी ढिली म्हणावी तर दार लटकावयास हवे होते, ते लटकत नव्हते. आतून कोणी सावकाश आणि न थकता ढकलीत होते. हा या मोहिमेचा पहिला शकुन, आणि तो प्रथम पाहिला तो वृंदाबाईसाहेबांनी, वातींचा पुडा ठेवावयास गेल्या असता.

आता ही हकीकत ऐकावी. वाचणारांनी चहा घेऊन, पंखा मध्यम करून, मोबाइल पालथा ठेवून बसावे. जे घडले ते लिहिले, पदरचे घातले नाही. कोठे घातले असेल तर ते ज्याचे त्यास ओळखू येईल.

कलकत्ता म्हणून पूर्वेस गंगातीरी थोर शहर. पूर्वी मराठ्यांच्या फौजा बंगालच्या मुलखात उतरल्या, ते समयी हे शहर बहुत भ्याले, आणि मराठे आज येतात, मग उद्या येतात, म्हणून शहराभोवती खंदक खणू लागले. खंदकाचे उत्तरेचे तोंड बागबाजारी होते. खंदक पुरता जाहला नाही आणि मराठेही आले नाहीत. मग खंदक बुजला, त्यावर रस्ते जाहले, रस्त्यांवर मिठाईची दुकाने जाहली, आणि शहर निर्धास्त बसले असता, बहुत काळ लोटल्यावर, मराठे त्याच बागबाजारी दाखल जाहले. हत्यार चालविले नाही. बदलीच्या हुकमाने आले, सामानाच्या ट्रकासहित. आणि त्या ट्रकात व मागील मोटारीत मिळून गॅसची शेगडी, शिलाई यंत्र, घावनांचा तवा, मातोश्री, आणि चादरीत गुंडाळलेले एक विमान, इतका सरंजाम होता.

त्या स्वारीचे धनी राजमान्य जयप्रकाशपंत घारपुरे. पंत एका सरकारी तेलकंपनीच्या बजबज येथील डेपोत सुरक्षा-अधिकारी. रोज सकाळी सियालदहास जाऊन दक्षिणेची गाडी धरावी आणि बजबजेस तेलाच्या टाक्यांचा बंदोबस्त राखावा, हा त्यांचा क्रम. दरारा असा, की डेपोच्या दरवाजावर कोणाचे खिशात आगपेटी निघाली तर पंत त्याजकडे नुसते पाहत, आणि तो मनुष्य पुढे आठवडाभर घरी उदबत्तीदेखील लावीत नसे.

त्यांच्या पत्नी वृंदाबाईसाहेब सियालदहच्या बाजूस एका बँकेत अधिकारी. कन्या ऋताबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकत. मातोश्री सुनंदाबाई पंतांच्या आई, आणि घरातील चालीरीतींचे सर्व खाते त्यांजकडे. इतकी मंडळी ध्यानी धरावी, म्हणजे पुढे अडचण पडणार नाही.

पंतांस तरुणपणापासून विमानाचा शौक. दुरून यंत्राने चालवावयाचे, फोम आणि पातळ फळ्यांचे, पंख जेवणाच्या टेबलाइतके लांब, आणि नाव गरुडराज. मनमाडास नेमणूक होती तेव्हा माळ मोकळा होता, वारा सरळ होता, आणि दर रविवारी पंत गरुडराजास आभाळी चढवीत आणि गुराखी पोरे टाळ्या पिटीत. गरुडराज बॅटरीवर उडे. चपट्या, रुपेरी, दोन बोटे जाडीच्या, पुन्हापुन्हा भरावयाच्या बॅटऱ्या. वजनाने हलक्या आणि अंगी ताकद बहुत. यांस दाणावैरण म्हणावे की दारूगोळा म्हणावा याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. आम्ही दारूगोळा म्हणतो.

परंतु बागबाजारी माळ नाही. गल्ली आहे, गल्लीवर तारा आहेत, तारांवर कावळे आहेत, आणि वर गच्च्या आहेत त्यांवर पतंगवाले आहेत. पंतांनी आल्या आठवड्यातच जाहीर केले, की येत्या रविवारी बजबजेकडे नदीकाठी जागा पाहून विमान उडवू. तो रविवार आला आणि पाऊस लागला. मग पुढला आला आणि ऋताबाईंची परीक्षा निघाली, आणि मग कंपनीची तपासणी, आणि मग कंबर. नदीकाठची जागा पाहिली ती एका बाजूस तेलाच्या टाक्या आणि दुसरे बाजूस तागाची गिरणी अशी निघाली, तेथे विमान उडविणाऱ्यास पंतांनीच प्रथम धरले असते. ऋताबाई शाळेत जात होत्या त्या कॉलेजात गेल्या, गरुडराज कपाटावर चादर पांघरून बसला, आणि येता रविवार येताच राहिला.

खालच्या मजल्यावर शिबतोषबाबू सान्याल म्हणून निवृत्त गृहस्थ. बंगालात मराठी स्वारास पूर्वीपासून 'बोर्गी' म्हणतात, आणि त्या नावाने लेकरे भिववीत. शिबतोषबाबू न भिता, जिन्यात पंत दिसले की विचारीत, "ओ बोर्गीबाबू! आपका पिलेन कब उडेगा? हम तो छाता लेके रेडी है!" आणि पंत हसून म्हणत, "नेक्स्ट संडे, दादा." हा सवालजवाब इतक्या वेळा जाहला, की जिन्यातील मांजरदेखील तो ऐकून मान वळवीत नसे.

तथापि पंत शब्दाचे पक्के. रविवार केव्हाही येईल, म्हणून बॅटऱ्या सदैव तुडुंब भरून ठेवीत. त्यास घरच्या चालीचा पाठिंबा मिळाला, तो असा. घारपुऱ्यांकडे खंडेनवमीस शस्त्रे पुजतात. शस्त्र म्हणजे विळी, कातरी, पक्कड, पंतांचे डेपोचे हेल्मेट, वृंदाबाईसाहेबांचा कॅल्क्युलेटर, ऋताबाईंचा लॅपटॉप, आणि बॅटऱ्या. मातोश्रींचा दंडक असा, की देवापुढे मांडावयाची वस्तू उणी नसावी. समईत तेल काठोकाठ, तांब्यात पाणी काठोकाठ, मग त्याच न्यायाने बॅटरीत वीज काठोकाठ. पूजेआधी पंतांनी एकेक बॅटरी चार्जरला लावून गळ्यापर्यंत भरावी, मग मातोश्रींनी तीस हळदकुंकू वाहावे आणि वर झेंडूचे फूल ठेवावे, आणि मग देवाजवळ बरी म्हणून देवघराखालच्या कपाटात तिची रवानगी व्हावी. तेथे त्या वर्षभर भरल्या पोटी बसत, आणि डोईवर वीतभर अंतराने निरांजन तेवत असे. हे सर्व तेलाच्या डेपोचा सुरक्षा-अधिकारी ज्या घरी राहतो त्या घरी चालले होते, हे इतिहासाने विसरू नये.

या पद्धतीने कैक बॅटऱ्या रणांगण न पाहता कोठीतच वृद्ध होऊन वारल्या. पंतांनी त्यांच्या जागी नव्या भरती केल्या. त्यांसही गळ्यापर्यंत भरले.

असो. वृंदाबाईसाहेबांनी दार उघडले तो आत एक बॅटरी तळणीतून नुकती काढलेल्या पुरीसारखी टम्म. त्यांनी हाक दिली.

"ऋता, इकडे ये गं. हिला काय झालंय बघ. वारा भरल्यासारखी झालीये."

ऋताबाई आल्या. त्या कलकत्त्यास वाढल्या, म्हणून त्यांच्या मराठीत मधून मधून दुसऱ्या मुलखाचे पाणी मिळालेले.

"एमा! आई, हात नको लावू! फुगलाय तो!"

"ती."

"ती फुगलाय! धुत्, आई, व्याकरण नंतर. निरांजन आधी विझव."

त्याच दिवशी संध्याकाळी भोजनाचे टेबलावर खलबत बसले. ऋताबाईंनी फुगीर बॅटरी ताटलीत घालून मध्यभागी ठेविली, आणि कोणी काटा-चमचा तिजजवळ नेऊ नये असा हुकूम जाहला. मग त्यांनी अर्ज केला तो येणेप्रमाणे. ही जात भरल्या पोटी फार दिवस बसावयाची नव्हे. काठोकाठ भरून ठेविली तर आतील रसायन आपल्याआपण बिघडते, त्याचा वायू होतो, वायूस वाट नाही म्हणून ती फुगते, आणि फुगलेली पुन्हा भरू गेल्यास पेट घेऊ शकते. अगदी रिकामी ठेविली तरीही मरते. उडवावयाचे नसेल तेव्हा तीस निम्म्याच्या किंचित वर आणून, थंड आणि कोरड्या जागी, ज्योतीपासून दूर, न पेटणाऱ्या भांड्यात ठेवावे, आणि मधून मधून मोजून पाहावे. इतके केले तर ती वर्षानुवर्षे शहाण्यासारखी राहते.

पंतांनी अर्ज ऐकिला आणि तो विचारात घेतला जाईल असे फर्मावले. विचारात घेणे म्हणजे न करणे, हे सरकारी चाकरीत मुरलेल्या सर्वांस ठाऊक असते. म्हणून ऋताबाई उठल्या नाहीत.

"बाबा, तुमच्या डेपोत कोणी असं ठेवलं असतं तर?"

"डेपोचं वेगळं. हे घर आहे."

"म्हणजे घरात वेगळी आग लागते?"

"ऋता, तू मला आगीबद्दल—"

"अहो, तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या ना," वृंदाबाईसाहेब म्हणाल्या.

पंत पाणी प्याले. मग ऋताबाईंनी चार्जर पुढे ओढला आणि त्यावरील एक बटण दाखविले. या बटणाने भरलेली बॅटरी उतरून आणि उतरलेली चढून, दोन्हीही बरोबर निम्म्याशी येऊन थांबतात. बटणावरील छपाई नवीकोरी होती. शेजारच्या बटणावरची बोटांनी पुसून गेली होती.

"हे तुम्ही कधी दाबलंच नाही, बाबा."

"ते ज्यांना उडवायचं नसतं त्यांच्यासाठी असतं," पंत म्हणाले.

वरणाची वाटी अर्ध्यात थांबली. या युद्धाचे मूळ तेथे उघडे पडले, ते वाचणारांनी पक्के ध्यानी घ्यावे: बॅटरी भरलेली आहे तोवर रविवार येणार आहे, आणि ती निम्म्यावर आणणे म्हणजे रविवार येणार नाही हे आपल्या हाताने कबूल करणे. हा किल्ला पंत लढवीत होते. वायू आणि रसायन ही बाहेरील चौकी होती.

ऋताबाईंनी नरमाईने सांगितले, की उडवावयाचे ठरले तर तासाभरात पुन्हा भरता येते.

"आणि आयत्या वेळी ठरलं तर?"

"अहो, आयत्या वेळी तुम्ही केस कापायलासुद्धा जात नाही," वृंदाबाईसाहेब म्हणाल्या.

मग मातोश्रींचा कौल घेतला. त्यांचा जाब असा आला, की निम्मी वस्तू देवापुढे मांडावयाची नाही, नवमी तोंडावर आली, आणि ताटलीतली ती भांडीवाल्या साबणाने धुऊन ठेवा. पंतांस हे मोठेच साहाय्य जाहले. त्यांनी हुकूम सोडला, की नवमीपर्यंत कोणी काही हलवू नये, नवमीनंतर विचार होईल. ऋताबाईंस इतकाच तह मिळाला, की फुगीर बॅटरी कपाटातून काढून बाल्कनीत ठेवावी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरील बांधकामावरून घमेलेभर वाळू मागून आणिली आणि ती बाल्कनीत तिजशेजारी ठेविली, आणि मुकादमाने "दीदी, घोर बानाबे नाकी?" म्हणजे घर बांधता की काय, असे पुसले असता, वाचवतो, इतकाच जाब दिला.

येथे वृंदाबाईसाहेबांच्या एका स्वतंत्र स्वारीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. त्यांनी उरलेल्या बॅटऱ्यांवरील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली, त्यांत "थंड जागी ठेवावे" असे होते. पुढे "कोरड्या" असेही होते, परंतु तेथे हळदीचा डाग पडला होता. मग त्यांनी कोणास न विचारता सर्व फौज फ्रिजमध्ये उतरविली, आणि दह्याचे सट आणि कोथिंबिरीची जुडी यांच्या मध्ये तीस तळ दिला. सकाळी ऋताबाईंनी दुधासाठी फ्रिज उघडला तो बॅटऱ्यांस दरदरून घाम.

"आई! बॅटरी म्हणजे काय इलिश मासा आहे का, फ्रिजमध्ये ठेवायला?"

"थंड म्हणालीस ना तू?"

"कोरडं पण म्हणाले होते!"

"मग थंड आणि कोरडं कलकत्त्यात असतं कुठं, ते सांग. मी स्वतः जाऊन राहते."

फौज माघारी आली, पंच्याने पुसली गेली, आणि दोन्ही पक्षी समान हानी धरून हा विषय मिटला.

मग नवमी आली. त्या दिवशी घारपुऱ्यांच्या घरी खंडेनवमी आणि शहरास दुर्गापूजेची महानवमी. गल्लीच्या तोंडाशी मंडप, मंडपात देवी, देवीपुढे ढाकवाले. आणि त्या ढोलांच्या नादाने खिडक्यांच्या काचा थरारत होत्या. जणू कोणी नौबत झडवितो आणि मोहिमेस कूच करावयाचे आहे. मातोश्रींनी चौरंग मांडला, त्यावर विळी, कातरी, पक्कड, हेल्मेट, कॅल्क्युलेटर, लॅपटॉप ओळीने लाविले, त्यांस हळदकुंकू वाहिले, हेल्मेटावर झेंडू चढविला, आणि बॅटऱ्या कोठे म्हणून पुसले.

पंतांनी चार्जर मांडला. फुगीर बॅटरी वगळावी असे ऋताबाईंचे म्हणणे. मातोश्रींचे म्हणणे, की पंगतीत बसलेल्या एकीसच उठवू नये. पंत दोहोंच्या मध्ये उभे राहिले, आणि मग बाल्कनीतून ती आणिली.

"बाबा, नको."

"नुसती लावून बघतो. घेतली तर घेतली."

लाविली. चार्जरने तीन वेळा शीळ घातली आणि तोंडावर लाल अक्षरे दाखविली, म्हणजे ही भरावयाची नाही. यंत्रासही जे कळले ते पंतांनी मानिले नाही. जोड ढिला असेल म्हणून काढून पुन्हा लाविला. पुन्हा शीळ. मग तिसऱ्यांदा दाबून धरिला. तो एक गोडसर वास आला, पिकल्या फळासारखा, आणि त्याच्या मागे नेलपॉलिशसारखा.

"बाबा, काढा! काढा काढा काढा!"

पंतांनी जोड उपटला. आणि ते समयी त्यांचे अंगी डेपो संचारला. कंबर सरळ जाहली, आवाज बदलला, डोळे भिंतीपलीकडे पाहू लागले. चौरंगावरील हेल्मेट उचलून, झेंडू आणि कुंकवासहित मस्तकी चढविले, ओव्हनचे हातमोजे घातले, बॅटरी लाकडी पोळपाटावर घेतली, आणि "सगळे बाजूला!" म्हणून गर्जना करून बाल्कनीकडे निघाले. ऋताबाई पुढे धावल्या आणि लोखंडी कढईत वाळू ओतली. पंतांनी गनिमास कढईत उतरविले, वर वाळू लोटली, बाल्कनीचे दार लाविले, आणि मग गळ्यातली नसलेली शिटी शोधून, न सापडल्याने तोंडानेच वाजविली.

हुकूम सुटला तो असा: गॅस बंद, मेन स्विच बंद, सर्वांनी जिन्यातील मधल्या चौकात जमावे, धावू नये, ढकलू नये, आणि कोणीही काहीही वस्तू आणावयास माघारी फिरू नये. हा शेवटला नियम पंत डेपोत वर्षानुवर्षे शिकवीत आले होते, आणि तो शिकविताना टेबलावर मूठ आपटीत.

"अरे, नैवेद्य राहिलाय," मातोश्री म्हणाल्या.

"आई, नैवेद्य नंतर. चल."

वृंदाबाईसाहेबांनी गॅस आणि मेन स्विच बंद केला. ऋताबाईंनी कुंकू लागलेला लॅपटॉप काखेस मारिला. मातोश्रींनी जाता जाता आपल्या कपाटातून पैठणीचे बासन काढून घेतले. सर्व चौकात पोचले. शिरगणती जाहली. तो पंत नाहीत.

मग वरून खडखड ऐकू आली, आणि दारातून प्रथम एक पंख निघाला, मग तो अडकला, मग तिरपा जाहला, मग पुन्हा अडकला, आणि मग गरुडराजास उराशी धरून, झेंडूचे हेल्मेट घातलेले सुरक्षा-अधिकारी पाठमोरे, एकेक पायरी चाचपत, जिना उतरू लागले.

"अहो!" वृंदाबाईसाहेब म्हणाल्या. "वस्तूसाठी माघारी फिरायचं नाही ना?"

"ही वस्तू नाहीये," पंत म्हणाले.

मातोश्रींनी पायरीवर सरकून पंखास वाट दिली.

गलबला ऐकून खालील मंडळी वर आली. नवमीचा दिवस, सर्वांचे अंगी नवी वस्त्रे. काय घडले ते ऋताबाईंनी बंगालीत सांगितले. ते ऐकून कलकत्ता पळाले असते तर ही बखर दुसऱ्या प्रकारे लिहावी लागती. परंतु पळण्याऐवजी शिबतोषबाबूंनी खुर्च्या मागविल्या, त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, आणि मग मातीच्या मडक्यात मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, आले आणि चमचे फिरले. जिन्याच्या वळणावर विमान आडवे बसल्याने वरचे वर आणि खालचे खाली अडकले, आणि चहाचे कप विमानाच्या पंखाखालून पलीकडे जाऊ लागले. सर्व मिळून स्फोटाची वाट पाहू लागले. ढाक वाजत होते. गनिमाने कढईत बसून काहीही केले नाही. धूर निघाला नाही, आवाज आला नाही. जिन्याच्या खिडकीतून बाल्कनी दिसे, तेथे एक कावळा येऊन कढईच्या कानावर बसला, वाळू चोचीने उकरू पाहिली, आणि कंटाळून उडून गेला.

पंत पायरीवर बसले. विमानाचे शेपूट मांडीवर होते, आणि ते त्यावरील धूळ अंगठ्याने पुशीत होते. धूळ पुष्कळ होती.

मातोश्री शेजारच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी बासन सोडले. पैठणी गर्द जांभळी.

"जयू, ही मी शेवटची कधी नेसले?"

"आता मला कसं आठवेल, आई?"

"मलाही नाही आठवत. पण दर सणाला बाहेर काढते, घडी मोडते, आणि दुसरीकडून घालते. उद्या नेसायचीय, उद्या नेसायचीय म्हणून त्याच घडीवर ठेवली असती, तर तिथंच चिरली असती. ठेवायची वस्तू ठेवायच्या पद्धतीनं ठेवावी लागते रे."

"तू नेसणार नाहीस का आता?"

"कोण जाणे. नेसणार नाही म्हटलं, म्हणून बोहारणीला दिली का मी?"

पंतांची चौकी गेली, खंदक गेला, आता एक बुरूज उरला होता, तो त्यांनी पुढे केला.

"पण तूच म्हणतेस ना, देवापुढे निम्मं चालत नाही."

मातोश्रींनी पैठणीची घडी फिरवून घातली, आणि काठावर हात फिरविला.

"देवाला कुठं विमान उडवायचंय?"

वृंदाबाईसाहेब चहा पिता पिता हसू लागल्या आणि ठसका लागून थांबल्या. ऋताबाईंनी भिंतीकडे तोंड केले. मातोश्रींस आपण काय विनोद केला ते कळले नाही, आणि त्यांनी नैवेद्याचे काय म्हणून पुन्हा पुसले.

पुढे काय जाहले ते येथेच सांगून टाकितो, म्हणजे शेवटी घोळ नको. गनीम कढईत वाळूखाली निपचित राहिला, आणि सण सरल्यावर ऋताबाईंनी त्यास वाळूसहित डब्यात घालून जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्राच्या हवाली केले. उरलेल्या फौजेस दोईच्या रिकाम्या मडक्यात, तळाशी वाळू घालून, जागा मिळाली. मडके धुऊन, वाळवून, झाकण घट्ट न लाविता, देवघरापासून लांब, उत्तरेच्या भिंतीशी ठेविले. आणि असा कायदा जाहला, की मातोश्री सणास पैठणीची घडी मोडतील त्याच दिवशी ऋताबाईंनी मडक्यातील बॅटऱ्या मोजून पाहाव्या. पूजेसही त्या मडक्यासहितच मांडतात. मातोश्री मडक्यास बाहेरून कुंकू लावितात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गनीम एक, तो कैद. आपल्या पक्षाकडे जखमी कोणी नाही. विमानाच्या पंखास कठड्याचा ओरखडा, नैवेद्य गार, पोळपाट पुन्हा पोळ्यांस वापरू नये असा वृंदाबाईसाहेबांचा हुकूम. शहर कलकत्ता मराठ्यांपासून याही खेपेस सुरक्षित राहिले. परंतु खरी फत्ते ही नव्हे. खरी फत्ते त्याच जिन्यात, त्याच दुपारी, दोईचे चमचे चालू असता जाहली, ती अशी.

शिबतोषबाबू विमानाच्या पंखाखालून वाकून अलीकडे आले. त्यांनी विमान इतक्या वर्षांत प्रथमच चादरीवाचून पाहिले होते. त्यांनी हात लावू का म्हणून पुसले, हळूच पंख्याचे पाते फिरविले, आणि नेहमीच्या थट्टेने नव्हे, खरोखरच जाणून घ्यावे म्हणून विचारिले, "शुंदोर आछे. कब उडेगा, जोयप्रोकाशबाबू?"

सर्वांनी पंतांकडे पाहिले. नेहमीचा जाब ओठापर्यंत आला होता, तो मंडळींस दिसला. ऋताबाईंनी लॅपटॉप छातीशी धरिला. मग पंतांनी हेल्मेट काढिले, त्यातील झेंडू जिन्यात घरंगळत गेला, आणि त्यांनी विमानाचे शेपूट मांडीवरून उचलून अलगद पायरीवर ठेविले, आणि शिबतोषबाबूंकडे पाहून, परंतु कन्येस, स्वच्छ मराठीत सांगितले:

"ऋता, वर जा आणि राहिलेल्या सगळ्या बॅटऱ्या निम्म्यावर आण. कलकत्त्यात मी विमान उडवणार नाहीये."